टेम्पो कोणाच्या नावावर

कोर्टाबाहेर टायपिंगवाल्यांच्या टेबलांपाशी उभं राहिलं की दहा मिनिटांत कोणीतरी विचारतंच, "काय काम आहे ताई? चांगला वकील लावून देतो." मी कोणालाच सांगत नव्हते. लावून देणाऱ्याचा वाटा कुठून निघतो, एवढं बी.कॉम.ला न शिकताही कळतं.

दादाचं मंडप-डेकोरेशनचं दुकान बुडालं होतं. फायनान्सवाले दारात येऊन बसायचे. नादारीचा, म्हणजे कर्ज फेडणं शक्य नाही असा, अर्ज केला तर कोर्ट मार्ग काढू शकतं, हे मीच वाचून काढलं होतं. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. त्यामुळे वकील शोधणं माझ्याकडे आलं आणि मला त्याचा अभिमानही होता.

पहिल्या वकिलाने पंचवीस हजार सांगितले आणि कोरं वकीलपत्र पुढे सरकवलं. सहीच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या.

"आधी भरा, मग सही," मी म्हटलं.

"मग ताई, तुम्हीच काळा कोट घाला ना!"

दुसरा म्हणाला, ह्या केसेस भंडाऱ्यात कोणी करत नाही, नागपूरला जा. आणि नागपुरात वकिली करणाऱ्या स्वतःच्या साळ्याचं कार्ड दिलं.

तिसरे म्हातारे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसणारे. पंधरा हजार, तीन हप्त्यांत, प्रत्येकाची पावती. मला जास्तच संशय आला. विचारलं, अशा किती केसेस केल्या?

"तीन. एक फेटाळली गेली."

फेटाळलेली कोणी सांगतो का? मी शेजारी बसलेल्या दादाला डोळ्यांनीच खुणावलं, उठ.

तेवढ्यात त्यांनी दादाला विचारलं, "दोन वर्षांत काही कोणाच्या नावावर केलं?"

"नाही जी."

"आमच्या घरात असले धंदे नाहीत," मी तडकले.

"गाडी?"

दादा पंख्याकडे पाहायला लागला. मग म्हणाला, "टेम्पो हिच्या नावावर आहे."

मला आठवलं. गेल्या दिवाळीआधी मी पोळ्या लाटत होते. "इन्शुरन्सचे कागद आहेत बाई, सही मार," म्हणत त्याने फॉर्म डब्यावर ठेवले. पिठाचा हात पुसून मी सही केली. आधार कार्डाची झेरॉक्सही दिली. आमच्याकडे मोठ्या भावाने पुढे केलेला कागद वाचत नाहीत.

"मले विचारलं काहून नाही?"

"तू वाचलं असतं."

वकील हसले नाहीत. "टेम्पो मालमत्तेच्या यादीत टाकावा लागेल. लपवलात आणि उघडं पडलं, तर अर्ज गेला. मग जाब ह्यांनाही विचारतील," म्हणत त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"सायेब, त्याच्यावरच भाजीचं भाडं मारून राहिलो. तो गेला तर पोरं खातील काय?"

"जाईलच असं नाही. पण ठरवेल कोर्ट. तुम्ही नाही."

दादाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी शाळेतून घरी नेताना पाहायचा तसंच. मी मालमत्तेच्या यादीचा कागद ओढला आणि टेम्पोचा नंबर लिहिला. मला तो पाठ होता.

वकीलपत्र त्यांनी भरूनच दिलं. मी दोनदा वाचलं. एक रकाना कोरा होता, तो भरायला लावला. मग दोन्ही कागद दादापुढे ठेवले. त्याने लगेच पेनसाठी हात पुढे केला.

"आधी वाच."

"तू वाचलं ना?"

"तू वाच."

तो बोट फिरवत वाचू लागला. टेम्पोच्या ओळीवर बोट थांबलं. मी पेन हातातच धरून ठेवला.