पास्कल तुस्कानो बसत का नाहीत

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, श्री. पास्कल तुस्कानो, वय वर्षे बावन्न, राहणार नंदाखाल, हुद्दा वालीवच्या कारखान्यात सुपरवायझर, हे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाल्यापासून चर्चमध्ये मिस्साला बाकावर न बसता मागच्या खांबाशी उभे राहतात. सदर गृहस्थांची नम्रता अनुकरणीय आहे.

अनुकरणीय हा शब्द फादरांचा. प्रवचनात त्यांनी नाव घेतलं नाही, फक्त मागे बघितलं. पुढच्या रविवारी खांबाशी आणखी दोघं येऊन उभे राहिले.

पास्कल उभे होते, कारण त्यांना बसवत नव्हतं. आधी संडासात लालभडक रक्त ठिबकलं, काहीही न दुखता. मग गुदद्वारापाशी वाटाण्याएवढी गाठ आली, ती मात्र ठणकायची. त्यांच्या वडिलांनाही रक्त पडायचं. ते त्याला उष्णता म्हणत आणि सब्जाचं पाणी पीत. आतड्याचा कॅन्सर कळला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आपलंही तेच, हे पास्कलनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. तपासणी ईस्टरनंतर, सण तरी सुखाचा जाऊ दे.

"चर्चमध्ये उभा राहतोस ते ठीक," फेलिशिया ताट वाढताना नवऱ्याला म्हणाली. "घरी कोण फादर बघतोय?"

"रक्त पडतं," पास्कल म्हणाले. "ईस्टर झाला की जातो."

तिने वाढणं थांबवलं. "मग ईस्टरला काळे कपडे काढून ठेवू का मी?"

दुसऱ्याच दिवशी ती त्यांना एव्हरशाईन सिटीत घेऊन गेली. तिथल्या दवाखान्यात गावचं कोणी भेटणार नव्हतं.

डॉक्टर अश्लेषांनी तपासलं. "मूळव्याध आहे. बाहेरच्या गाठीत रक्त साकळलंय. कोमट पाण्यात बसत जा, पालेभाजी, फळं, पाणी वाढवा, कुंथू नका. आणि मोबाईल बाहेर ठेवून आत जा."

"म्हणजे कॅन्सर नाही?"

"ते बघितल्यावर सांगेन. मूळव्याध आहे म्हणून वर दुसरं काही नसेलच, असं नाही. तुमचं वय आणि वडिलांचा आजार बघता दुर्बिणीने आतडं तपासू. तोवर रक्त थांबेना, चक्कर आली किंवा शौचाला काळं झालं, तर तारखेची वाट न बघता हॉस्पिटल गाठा."

"ईस्टरनंतर आलो असतो तर?"

"आधी आलात, ते बरं."

दुर्बिणीत आतड्याला मांसाचा एक छोटा कोंब, म्हणजे पॉलिप, सापडला. डॉक्टरांनी तो तिथेच काढला. तपासणीत तो साधा निघाला, कॅन्सरचा नव्हे. तसाच राहिला असता, तर पुढेमागे बिघडलाही असता. फेलिशिया रिपोर्ट वाचून बाहेर गेली आणि पुष्कळ वेळ चहाच घेत राहिली.

खांबाशी उभ्या राहणाऱ्या दोघांना पास्कलनी खरं कारण सांगितलं. एक जण मुकाट बाकावर जाऊन बसला. दुसऱ्याने जरा थांबून, खालच्या आवाजात डॉक्टरांचा नंबर मागितला.

पास्कल यांचं पोट आता रोज सकाळी साफ होतं.