कपाटावरची पाटी

शेवटचं आम्ही नवराबायकोनं मिळून काय केलं, तर कॉलेजबाहेर एका बशीत चहा प्यालो. तिनं म्हटलेली पारध्यांची गाणी कॉलेजातल्या कुणी बाईंनी पुस्तकात घेतली होती, ते बघायला मग तिथल्या लायब्ररीत गेलो. ते पुस्तक ज्या कपाटात होतं, त्यावरची पाटी शिपाई फडक्यानं पुसत होता. मी चौथी शिकलेला, हौसेनं मोठ्यानं वाचली, "गुन्हेगार जमाती."

इंग्रजानं पारध्यांना चिकटवलेला शब्द. त्याच्यापायी पोलिसांनी तिच्या बापाचे हात काठीनं मोडले होते. काठीचा वळ तरी जातो, पाटी मात्र रोज पुसून चकचकीत ठेवतात.

"अवो, मेल्यावरबी मला कोठडीतच ठिवनार व्हय?" ती हसली. संध्याकाळी छाती धरून बसली, ती गेलीच.

सकाळी तिला माती देऊन तसाच लायब्ररीत गेलो. कुऱ्हाडीनं पाटी फोडली, पुस्तक गाण्यांच्या कपाटात ठेवलं आणि पोलीस यायची वाट बघत तिथंच बसलो.