पित्ताच्या नावावर

दवाखान्याच्या बाकावर एक बाई पोट दाबून बसली होती. "काही नाही, पित्त असेल," तिचा नवरा फोनवर कुणाला तरी सांगत होता. माझं डोकंच फिरलं. माझ्या सुमनमावशीचं दुखणंही सगळ्यांनी असंच पित्ताच्या नावावर खपवलं होतं. जेवली की पोटात कळ यायची, ब्लाउज सैल होत चालले होते. तोंडातून पोटात घातलेल्या दुर्बिणीने काही दिसलं नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मन रमवा." ती दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीलाच थांबते, हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही. त्याच आतड्यात, पुढे, कॅन्सरची गाठ सापडली तेव्हा फार उशीर झाला होता. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच मावशीने मला विचारलं, "मी नाटक करत नव्हते, हे आता कळलं ना सगळ्यांना?"

जगेन का, हे तिने विचारलंच नाही.