उजव्या गालावरची सावली

माझ्या दीड वर्षाच्या मुलीचं चित्र मी स्वतः रंगवलं आणि सासूबाईंना पाठवलं. फोटो काढून पाठवला असता तर काहीच झालं नसतं.

सासूबाई मुलचेऱ्याला, आम्ही नागभीडला. त्यांचे गुडघे धरलेले, त्यामुळे नातीला त्यांनी बारशानंतर पाहिलंच नव्हतं. बायको म्हणाली, स्टुडिओत जाऊ. पण मी नुकतंच चित्रकलेवरचं एक पुस्तक वाचून संपवलं होतं, आणि अशा माणसाला कोण आवरणार? मुलीला खिडकीशी बसवलं. डावा गाल उजेडात, उजवा गर्द तपकिरी सावलीत.

"अजी, पोरीचं अर्धं तोंड काळं काऊन केलं?" बायकोनं विचारलं.

"सावली आहे ती. उजेड एकाच बाजूनं येऊन राह्यला ना!"

"मंग दुसरी खिडकी उघडा."

घरात कलेची जाण कुणालाच नाही, हे मी तेव्हाच ओळखलं. ओळखीचा एक माणूस तिकडे निघाला होता, त्याच्या हाती चित्र दिलं. सोबत चिठ्ठी दिली नाही. चांगलं चित्र आपलं आपण बोलतं, असं पुस्तकात होतं.

चित्र बोललं. आठवड्याच्या आत, भर दुपारी, दोन एस.ट्या बदलून सासूबाई लंगडत दारात! मला बाजूला सारून आत शिरल्या, पाळण्यातली पोरगी उचलून उन्हात आणली आणि तिचा उजवा गाल पदरानं पुसू लागल्या. पोरीनं भोकाड पसरलं.

"कुठी भाजली वो हे? चुलीत पडली का?"

"नाई वो माय, काई झालं नाई. ते यायनं काढलेली सावली हाय," बायको म्हणाली.

सासूबाई मटकन खाली बसल्या. पिशवीतून चित्र काढलं. आता त्यात दोन्ही गाल काळे होते. नात तर दूर, म्हणून त्यांनी दृष्ट चित्रावरूनच उतरवली होती, आणि मीठ-मिरच्या चुलीत टाकताना घाबऱ्या हातांनी चित्रही धुरावर धरलं होतं.

उजेड एका बाजूनं आला की दुसरी बाजू काळी का होते, ते मी त्यांना सविस्तर समजावलं. वर म्हणालो, "आता तर उजेड मागून आल्यासारखा वाटतो. वाईट नाही."

त्यांनी नातीचा उजवा गाल पदरानं पुन्हा एकदा पुसला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमी आपले भिंतीले चुना मारत जा. पन अख्ख्या भिंतीले मारा. उजेड एकाच बाजूनं येऊन राह्यला म्हनून अर्धी सोडू नका."