चार वाजता चालू होणारा दिवा

माझी आत्या शिवणकाम करून जगली आणि जन्मभर संशय घेत जगली. गिऱ्हाईकाने मोजून आणलेलं कापड ती त्याच्यासमोरच पुन्हा मोजायची. त्यामुळे टीव्ही बंद असताना केबलच्या बॉक्सचा दिवा लुकलुकताना दिसला, तेव्हा तिने मलाच धारेवर धरलं. कंपनीतर्फे गल्लोगल्ली बॉक्स बसवणारा आणि दुरुस्त करणारा मीच ना!

"टीव्ही बंद आहे, मग हा बोलतोय कुणाशी?"

"आत्या, आपण जे बघतो त्याचे तुकडे बॉक्स ठेवून घेतो. आसपास कुणी तेच बघायला घेतलं, की तुझ्याकडून त्याला जातात. तूही त्यांचे घेतेस. ज्याला कुणी विचारत नाही ते पुसलं जातं."

"म्हणजे माझ्या घरातून नेतात आणि मला पत्ता नाही! काय नेतात ते दाखव."

मी यादी उघडली. काय जातं ते तिच्यात दिसतं, कुणाकडे जातं ते नाही. रोज दुपारी चारला एकच फिल्म जात होती, जुन्या छापखान्यावरची. तिच्यात आत्याचे यजमान चार मिनिटं छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत बोलतात. ते जाऊन सहा वर्षं झाली. कंपनीने आपली प्रत केव्हाच काढून टाकली होती. आत्या रोज सकाळी बघते म्हणून तिच्याकडे टिकली.

"माझ्या नवऱ्याला रोज बघणारी ही कोण?" आत्या लालबुंद झाली. "चारला प्लगच काढते. जी बोंबलेल ती सापडेल."

तिसऱ्या दिवशी माझ्याकडे तक्रार आली. पत्ता वाचून मी चाट पडलो. आतेभावाचा! दोन गल्ल्या पलीकडे राहतो. वडिलांच्या आजारपणात मायलेकांचं असं वाजलं, की त्यानंतर तो आत्याच्या दारात आला नव्हता. त्याच्या बॉक्समध्ये मुलांच्या कार्टूनची गर्दी, दुसरं काही टिकतच नाही.

आत्याला सांगितलं, तर आधी तिला मीच खोटा वाटलो.

"त्यानेच पाठवलंय ना तुला? काय म्हणाला?"

"बाबांचा आवाज ऐकू येत नाही, लवकर ये, एवढंच म्हणाला."

आत्याने चष्मा काढला. बराच वेळ पदराने पुसत राहिली, काचाही आणि डोळेही.

"त्याला सांग, दुरुस्त होत नाही. बघायचं तर इथे यावं लागेल."

तो चारला आला. पहिल्या दिवशी फिल्म संपली तसा उठून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

आता कंपनी मला विचारते, आत्याचा बॉक्स रोज चारनंतर बंद का असतो? फिल्म संपली, की आत्या प्लग काढून ठेवते. घरी बसून बघायला मिळालं तर पोरगा यायचा नाही, हा तिचा नवा संशय. मी वायरिंगमध्ये दोष आहे असं कळवतो.