वायसरभाऊंची हरकत

सगळी गल्ली त्यांना वायसरभाऊ म्हणायची. चाळीस वर्षं त्यांनी नळ दुरुस्त केले आणि गळती कुठलीही असो, उंबऱ्यावरूनच त्यांचं निदान ठरलेलं: "काही नाही हो, वायसर गेलंय." पाइप फुटून अख्खी भिंत ओली झाली तरी वायसरच. ती नुसती बोलायची सवय. काम मात्र चोख.

ते गेले तेही कामावरच. एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली आडवे होऊन सिंकचा नट आवळत असताना छातीतच काहीतरी आवळलं. "बाई, जरा थांबतो हं," एवढंच म्हणाले. त्यानंतरचं त्यांना आठवतं ते एक लाकडी बाक, हातात आकडा लिहिलेला कागदाचा कपटा आणि समोर जाळीची खिडकी.

आधी त्यांना वाटलं, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आलोय. तसेच पोपडे आलेल्या भिंती, तशीच फायलींची चळत, तसाच एका बाजूनं कुरकुरणारा पंखा. फक्त इथं कसं आलो ते काही केल्या आठवेना. आकडा पुकारला तसे ते खिडकीशी गेले. आत चष्मा नाकावर ओढलेल्या एक बाई बसल्या होत्या.

"मॅडम, माझी काहीतरी गडबड झालीय. तिकडे नट अर्धाच आवळलाय. खाली बादलीसुद्धा लावलेली नाही."

"मंगळवारी वारलात तुम्ही," बाई फाईल चाळत म्हणाल्या. "आज शनिवार."

वायसरभाऊ जाळीला धरून उभे राहिले. वारलो म्हणजे काय, हे त्यांना कळलं. पण ते आपल्याबद्दल चाललंय, हे काही डोक्यात शिरेना.

"मग आता मी काय करायचं? कुणाची सही आणू?" त्यांनी विचारलं. उभ्या आयुष्यात त्यांनी लोकांच्याच सह्या आणल्या होत्या. सोसायटीची परवानगी, खालच्या मजल्याचं ना हरकत पत्र, वरच्या मजल्याचं ना हरकत पत्र.

"आणायची नाही, करायची. ना हरकत तुम्हीच द्यायची. तुमच्या घरचे अर्ज येतील. सगळ्यांवर सही झाली की तुम्ही मोकळे."

"घरच्यांना कुठं माहीत आहे इथलं ऑफिस?"

"कुणालाच माहीत नसतं. एखादी गोष्ट करता करता माणूस तुमच्या आठवणीनं अडतो ना, हातातलं हातात ठेवून उभा राहतो, तेव्हा आपोआप अर्ज होतो. बसा."

वायसरभाऊ बसले. त्यांना यातलं अक्षरही कळलं नव्हतं, पण ऑफिसात कळलं नाही म्हणून कुणाचं काम अडत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

पहिला अर्ज मुलीचा आला. बाबांचा फोन नंबर बंद करावा.

"छे!" वायसरभाऊ म्हणाले. "मग लोक मला गाठणार कसे?"

आपण काय बोलून गेलो ते त्यांचं त्यांनाच कळायला जरा वेळ लागला. बाईंनी फाईलमधलं वाचलं, "फोन रोज वाजतो. कुणाचा फ्लश अडकलेला, कुणाची टाकी वाहतेय. तुमची बायको उचलते आणि प्रत्येकाला सांगते, ते गेले. दिवसातून सात-आठ वेळा."

"सात-आठ वेळा?" वायसरभाऊंनी पेन मागून घेतलं.

दुसरा अर्ज बायकोचा. हत्यारांची पिशवी शिडीला द्यावी.

शिडी म्हणजे पलीकडच्या गल्लीतला उंच प्लंबर. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, एका डब्यात जेवले. मग एकदा शिडीनं भर जिन्यात, चार माणसांत यांच्या पाइपकडे बोट दाखवून विचारलं, "हा जोड केलाय की गाठ मारलीय?" तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं नाही. समोरून शिडी दिसला की वायसरभाऊ रस्ता ओलांडत.

"हरकत आहे," त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं. "दुसऱ्या कुणालाही द्या म्हणावं. नदीत टाका."

"ठीक," म्हणून बाईंनी शिक्का मारला आणि कागद परत फायलीत गेला.

त्यानंतर काहीच होईना. बाकावरची माणसं बदलत राहिली. वायसरभाऊ खिडकीशी जायचे आणि परत यायचे. आपण हरकत घेतली तर काम कुणाचं अडलंय, त्यांचं की आपलं, हाही घोळ सुटेना. शेवटी त्यांनी विचारलं, "मॅडम, ती पिशवी आता कुठाय?"

"दारामागे. तुमची बायको ती उचलते, बाहेर न्यायला निघते, थांबते आणि परत ठेवते. येता-जाता ठेचकाळते."

"लागलं का तिला?"

"अंगठ्याचं नख गेलंय."

वायसरभाऊ अस्वस्थ झाले. त्या पिशवीचं वजन त्यांना ठाऊक होतं. मोठा पाना एकटाच केवढा! "तिला तरी दुसरं कुणी सुचलं नाही का?"

"त्यात लिहिलंय. 'हे नेहमी म्हणायचे, माझ्यानंतर हत्यार धरता येईल असा एकच आहे, पण मेल्याचं तोंड बघणार नाही.'"

हे आपण नेहमी म्हणायचो? एकदा म्हणालो असू, फार तर दोनदा. कपाळ खाजवत त्यांनी सही केली.

तिसरा अर्जही बायकोचाच. पण त्यावर मजकूर जेमतेम एक ओळ. बाईंनी तो दोनदा वाचला, मग फायलीतली नोंद बघून सांगितलं, "पिशवी न्यायला शिडी आला होता. बसला. तुमची कुठली तरी जुनी गोष्ट सांगितली. तुमच्या बायकोला हसू आलं. अर्ध्यावर तिनं तोंडाला पदर लावला. उरलेलं हसू मंजुरीसाठी आलंय."

"कुठली गोष्ट?"

"नोंद नाही."

"असं कसं? माझीच गोष्ट ना? तो काय वाट्टेल ते सांगेल! मागवून घ्या की."

"मिळत नाही. हसायला हरकत आहे की नाही, एवढंच लिहायचं."

वायसरभाऊ कागदाकडे बघत राहिले. मी गेलो, मंगळवारी गेलो आणि ही हसली? पहिल्यांदा बारीकसा राग आला. मग वाटलं, किती दिवस झाले असतील? विचारायचा धीर होईना. तिचं हसणं त्यांना माहीत होतं. आधी खांदे हलायचे, आवाज मागाहून यायचा. ते अर्ध्यावर अडकलं म्हणजे तिला ठसका लागला असणार. कुणी पाणी दिलं असेल का?

"कुठं सही करू?" ते म्हणाले.

बाईंनी शिक्का मारला आणि फाईल बांधून टाकली. "झालं. त्या दारानं जा."

"कुठं जातं ते?"

"ते आमच्या खात्याकडे नाही."

दारापलीकडे जिना होता. तो वर जातोय की खाली, ते नीट कळत नव्हतं. पहिल्या पायरीवर वायसरभाऊ थांबले. टाकीत पडलो ती गोष्ट असेल का? की उस्तादाच्या लुंगीची? नाही, ती काही शिडी बायकांसमोर सांगणार नाही. मग ती भलत्याच घराचं पाणी तोडलं तीच असणार, आणि तिथला तो नवरा तोंडभर साबण लावून बाहेर आलेला... वायसरभाऊंचे खांदे हलायला लागले. कठड्याला हात लावत, एकेक पायरी चाचपत ते निघाले.