तळहाताएवढे पप्पा

पोस्टरवर लाकडी घोडा, चिंध्यांच्या बाहुल्या आणि बटणांच्या डोळ्यांचं अस्वल होतं. म्हणून सासूबाईंना आणि साडेचार वर्षांच्या लेकीला घेऊन मी त्या सिनेमाला गेले. तो लढाईचा निघेल हे मला काय ठाऊक! आमच्या घरात लढाई हा शब्द कुणी काढत नाही. नवरा फौजेत आहे, हद्दीजवळ कुठंतरी आहे, आणि त्याला आम्ही फक्त ड्युटी म्हणतो. शेजारपाजारचं कुणी "बॉर्डरवर काय चाललंय?" म्हणालं की सासूबाई "ड्युटी चालू हाय" एवढं बोलतात आणि विषय पापडांवर नेतात.

सिनेमातल्या गावचे बाप लढाईवर जातात आणि परत येतात ते खेळणी होऊन. कुणी लाकडाचा, कुणी कापडाचा, सगळे हातात मावतील एवढे. दिसायला सिनेमा फार सुंदर होता, हे मीही कबूल करते. आभाळ गोधडीच्या ठिगळांचं, तोफा दोऱ्याच्या रिळांच्या, आणि गोळा लागला की रक्ताऐवजी कापूस उडायचा. सासूबाई वैजापूरकडच्या, जन्म कापसात गेलेला. त्या अंधारात मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, येवढा कापूस! कुणी येचला आसंल?" पुढच्या रांगेतली माणसं हसली. मला मात्र हसू आलं नाही. शेवटी लढाई संपते, बायका आपापलं खेळणं उंबऱ्यावर उन्हात ठेवतात, आणि त्यातले काही जण पुन्हा मोठे होतात. सगळे होत नाहीत. एक मुलगा आपल्या लाकडी बापाला खिशात घालतो आणि शाळेत जातो. तिथंच सिनेमा संपला.

मध्यंतरातच दोन-तीन कुटुंबं उठून गेली होती. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर तर दोन तट पडले. एकजण म्हणे मुलांना असलं दाखवणं हा गुन्हा आहे, दुसरी म्हणे मी इतकी कधी रडले नव्हते. मी पहिल्या तटात, आणि सगळ्यात जास्त टाइप केलं ते मीच. सासूबाईंना मात्र सिनेमा आवडला. मी चिडून कारण विचारलं, तर भाकरी थापता थापता म्हणाल्या, "खेळणं तर खेळणं. घरात तर हाय."

लेकीला त्यात दुःखाचं काही दिसलंच नव्हतं. तिचे पप्पा तसेही छोटेच होते. संध्याकाळी रेंज असेल तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मग मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा आणि त्याच्यासमोर त्याचं ताट वाढायचं, अशी सासूबाईंनी रीतच पाडली होती. लेक स्क्रीनला घास लावायची. मी वरणाचे डाग पुसायचे. ती खूश होती, आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. तिला पप्पा पुरत होते. मला त्याचा खांदा हवा होता, त्याचे दारातले बूट हवे होते, त्याच्याशी समोरासमोर भांडायचं होतं. मोबाईलवर धड भांडताही येत नाही, रुसून बसावं तर रेंज जाते.

दिवाळी उलटून गेल्यावर त्याला सुट्टी मिळाली. स्टेशनवर तो डब्यातून उतरला आणि गुडघ्यावर बसून त्यानं हात पसरले. लेक आजीच्या पदरात शिरली. "हे पप्पा नाहीत," ती म्हणाली आणि तळहात दाखवला, "पप्पा एवढे असतात." तो हसला. मग उगाचच बुटाची नाडी सोडून बांधत बसला.

घरी आल्यावर तिनं माझा मोबाईल घेतला, आतल्या खोलीत पलंगामागं बसली आणि म्हणाली, "पप्पांना लाव." मी लावला. बाहेरच्या खोलीत त्याचा फोन वाजला. मी मधल्या दारात उभी होते, दोन्हीकडचे आवाज मला येत होते.

"पप्पा, आपल्या घरी एक मोठा माणूस आलाय."

"कसाय?"

"मिशा आहेत त्याला. आजी रडायली आणि त्याला भाकरी वाढायली."

"हाकलून देऊ का त्याला?"

तिनं विचार केला. "नको. राहू द्या. पण तुम्ही कधी येणार?"

ताटातली भाकरी तशीच ठेवून तो भिंतीकडं बघत राहिला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी त्या सिनेमावाल्यांना मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली. वर्षभर दिवस ढकलले ते काय हे बघायला?

त्यानं घाई केली नाही. रोज तिला पलंगामागून फोन करू दिला, रोज बाहेरच्या खोलीतून बोलला. पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी तो फरशीवर झोपला असताना तिनं आपली सगळी खेळणी आणली आणि त्याच्या अंगालगत, टाचेपासून वर, एकापुढं एक मांडायला सुरुवात केली. बाहुली, ट्रक, पोळ्याचे मातीचे बैल. कमरेपर्यंत खेळणी संपली. मग तिनं स्वयंपाकघरातून लाटणं नेलं, उलथनं नेलं, झारा नेला. झारा त्याच्या कानाशी पोचला तेव्हा तिनं सगळी रांग उभी राहून पाहिली आणि त्याच्या दंडावर डोकं ठेवून आडवी झाली. तो जागाच होता. ती उठेपर्यंत त्यानं हात हलवला नाही. हाताला मुंग्या येऊन तो वाकडंतिकडं तोंड करत होता आणि मी दारात उभी राहून डोळे पुसत हसत होते.

उरलेली सुट्टी ती त्याच्या खांद्यावरच होती. आठवडी बाजारात, भाजी घेताना, अगदी तो दाढी करतानासुद्धा. फोन करायचं तिनं सोडूनच दिलं.

मग तो गेला. दोन दिवसांनी संध्याकाळी कॉल आला. मी मोबाईल तांब्याला टेकवला, सासूबाईंनी ताट वाढलं. "काय जेवताय?" त्यानं विचारलं. लेकीनं स्क्रीनकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मोबाईल फरशीवर पालथा टाकला.

"हे नकोत," ती म्हणाली. "मोठे पाहिजेत."

आतापर्यंत त्याची वाट आम्ही दोघीच बघत होतो. खालून त्याचा आवाज येत होता, "हॅलो? अंधार कसा झाला? हाय का कुणी तिकडं?"

आम्ही तिघीही तिथंच होतो.